दोन यंत्रं जोडली आहेत

१

बुरुलचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते, तेवढ्यात एर्मेकचा फोन आला. हे नेहमीचंच. नवरा तिकडे रशियात, गोदामात माल उचलायच्या कामावर. त्याला जेवायची सुट्टी मिळायची तेव्हाच नेमकी इकडे डोंगरातल्या गावात कणीक तिंबायची वेळ. मग कधी नाकाने बटण दाबायचं, कधी खांदा आणि कान यांच्यात फोन धरून मान अवघडून घ्यायची. एकदा तर फोन सरळ दुधाच्या बादलीत पडला होता.

म्हणून त्याने हेडफोन पाठवले होते. बिनतारी, काळे, कानांवर गादीसारखे बसणारे. कोचकोर या बाजारगावातल्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याने ते सकाळी दुकानात ठेवले आणि दुकानदारीण स्वतः घरी आणून देऊन, चहा पिऊन गेली.

"हात धू आधी," एर्मेक ओरडत होता. त्याच्यामागे लोखंडी गाड्यांचा खडखडाट, कुणीतरी कुणालातरी शिव्या घालतंय. "आता उजव्या बाजूचं बटण दाबून धर. निळा दिवा लुकलुकतोय?"

"लुकलुकतोय."

"मग फोनमध्ये यादी उघड. अक्षरं आणि आकड्यांचं काहीतरी विचित्र नाव दिसेल. त्यावर बोट ठेव."

तिने ठेवलं. हेडफोनच्या आतली बाई रशियनमध्ये अगदी गोड आवाजात म्हणाली, "जोडले." आणि गाड्यांचा खडखडाट एकदम बुरुलच्या डोक्यात शिरला. ती हसायलाच लागली. मग ती आतली बाई पुन्हा म्हणाली, "दोन यंत्रं जोडली आहेत."

"दोन कुठली रे? घरात फोन एकच माझा. अपांचा तो बटणांचा, त्याला काय जोडणार?"

"अगं, एका वेळी दोन जोडता येतात त्याला. मी इथे लावून बघितले होते ना, माझा फोन लक्षात राहिला असेल."

"तू तिथे, मी इथे. एवढ्या लांबून?"

"मग असेल शेजारच्या कुणाचा. चालतंय ना? मग झालं तर! आता सांग, शेजारणीचं पिल्लू काय म्हणतंय?"

"झोपलंय," बुरुल म्हणाली. "शेजारणीला काय, टाकलंय आमच्या गळ्यात."

चुलीपाशी लोकर पिंजत बसलेली सासू, म्हणजे अपा, हे सगळं बघत होती. "घोड्याच्या डोळ्यांना झापडं बांधतात तशी तू कानांना बांधलीस की गं पोरी," ती म्हणाली. "आता मी हाका मारून मारून मरायची."

२

हे शेजारणीचं पिल्लू म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच गोंधळाल.

पोर बुरुलचंच होतं. तिच्या पोटचं. त्याच्याआधी दोन झाली होती. दोन्ही पाळण्यातच गेली, धड आजार नाही, ताप नाही. तिसऱ्याच्या वेळी सासूने कुणाचंच ऐकलं नाही. बाळ जन्मलं, नाळ कापली, आणि तसंच गुंडाळून तिने ते खिडकीतून बाहेर दिलं. बाहेर शेजारची तुरसुनाय उभी होती. तिने एक रुमाल आत टाकला आणि पोर विकत घेतलं. मग दारातून आत येऊन म्हणाली, "बाई, माझं एवढं कुत्र्याचं पिल्लू सांभाळता का? मला वेळ नाही." त्या दिवसापासून त्याचं नाव कुचुक, म्हणजे पिल्लूच. खरं नाव मुल्लाने कानात सांगितलं ते घरच्यांनाच ठाऊक. मीही इथे सांगणार नाही.

पोर चालायला लागलं की तुरसुनायला एक मेंढी द्यायची आणि पोर परत घ्यायचं. तोपर्यंत हे घर म्हणजे नुसतं सांभाळणारं. तसंच बोलायचं, सगळ्यांनी, सारखं. कारण पोरं नेणारं कोण कुठे ऐकत असेल सांगता येत नाही.

एर्मेकला हे सोपं होतं, तो लांब होता. अपांना सोपं होतं, त्यांनीच काढलेला मार्ग. बुरुलचा मात्र जीव जायचा. पाजताना पोर टकामका तिच्याकडे बघायचं, मुठीत तिचं बोट धरायचं, आणि हिने तोंडाने म्हणायचं काय, तर "कुणाचं रे तू ध्यान?" माझा सोन्या, माझा राजा, हे शब्द तिच्या घशात अडकून राहायचे. पहिल्या दोघांना ती म्हणाली होती. पोटभर म्हणाली होती. त्याची शिक्षा मिळाली, असं अपा बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या नजरेत ते असे, आणि बुरुलला ते दिसे.

३

हेडफोन आल्यापासून एर्मेक रोज बोलू लागला. आधी जेवणाच्या सुट्टीत बोलायचा, आता केव्हाही. ती गोठ्यात गेली की कानात किर्र झाल्यासारखं व्हायचं आणि मग त्याचा आवाज यायचा. फोन पडून असायचा बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर, कारण तिच्या फोनला घरात रेंज म्हणून ती तेवढ्या वीतभर जागेतच; अपांचा जुना मात्र कुठेही चालायचा. बुरुलला त्याच्याकडे बघायचीही गरज उरली नव्हती.

"आपला मुलगा कसा आहे?" एके दिवशी त्याने विचारलं.

बुरुल गाईच्या आचळांना हात लावून तशीच बसली. किती महिन्यांनी हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला!

"अरे, हळू," ती म्हणाली. "काय बोलतोस?"

"तुझ्याच कानात तर बोलतोय. दुसरं कोण ऐकणार?"

खरंच की. तिला वाटलं, हेडफोनची ही खरी मजा. या घरात भिंतीला कान, चुलीला कान. पण हे कानांवर चढवले की नवरा-बायकोची एक वेगळीच खोली तयार होते. तिने मान खाली घातली आणि पुटपुटली, "दात येतोय. खालचा."

"कुणाला?"

"त्याला."

"कुणाला म्हणतेस ते म्हण ना."

ती पुन्हा धार काढू लागली. पण दिवसभर ते तिच्या मनात गोड लागत राहिलं.

कणीक तिंबताना तिच्या लक्षात आलं की हल्ली एर्मेकच्या मागे गाड्या वाजत नाहीत. माणसं ओरडत नाहीत. जणू तो एखाद्या बंद खोलीत बसून बोलतोय. तिने विचारलं, तर म्हणाला, काम बदललंय. बरं. त्या शांततेत कान देऊन ऐकल्यावर मात्र तिला मागे काहीतरी ऐकू आलं. हळू, एका लयीत, लाकूड लाकडावर घासल्यासारखं. आणि किटलीचं झाकण थडथडणं. बुरुलने चुलीकडे पाहिलं. किटली उकळत होती.

माइक असतो या हेडफोनला, तिने स्वतःला समजावलं. माझ्याच घरातला आवाज त्याच्याकडे जातो आणि परत येतो. एवढं तर कळतं आपल्याला, दहावीपर्यंत शिकलोय. तिने किटली उतरवली. कानातलं झाकण आणखी थोडा वेळ थडथडत राहिलं.

४

तुरसुनाय म्हणजे गावभर हसत फिरणारी बाई. दूध गोळा करून डेअरीच्या गाडीला द्यायची. विधवा, मूलबाळ नाही, आवाज असा की मेंढ्या दचकाव्यात. ती दारातूनच आरडाओरडा करत यायची, "कुठंय माझं पिल्लू? उपाशी ठेवलं की काय या लोकांनी?" आणि पोराला उचलून त्याच्या पोटावर फुर्रर्र करायची. पोर खिदळायचं. बुरुललाही हसू यायचं. आधी यायचं.

"ती रोज का येते?" एर्मेक कानात म्हणाला.

"येतेच की आधीपासून."

"तिला पोर नाही."

"अरे, म्हणून तर तिला..."

"विकत घेतलंय तिने. देईल परत?"

बुरुलने हातातली परात खाली ठेवली. हे असं बोलणारा एर्मेक तिला ठाऊक नव्हता. तुरसुनाय एजेच्या, म्हणजे ताईच्या, हातचं खाऊन तो लहानाचा मोठा झाला होता. पण परदेशात राहून माणूस बदलतो म्हणतात, आणि तिथे कुणी बाई त्याचे कान भरत असली तर? दोन दिवस तिने त्याच्या आवाजामागे त्या बाईचा श्वास शोधला. श्वास होता. कुणाचा ते कळेना.

पण एकदा किडा वळवळायला लागला की काय काय दिसतं! तुरसुनाय पोराला तिच्या घरी घेऊन जायची ती आता जास्त वेळ ठेवते. त्याच्यासाठी टोपी विणतेय, मोठ्या मापाची, पुढच्या थंडीला पुरेल अशी. पुढच्या थंडीपर्यंत तर तो चालायला लागलेला असणार! आणि अपा! अपा आणि ती दाराआड कुजबुजतात. हेडफोन घातलेले असले की त्यांना वाटतं सुनेला ऐकू येत नाही. एकदा बुरुल कणकेचे बोरसोक तळत होती, कानांवरचे हेडफोन त्या क्षणी गप्प होते, आणि अपांचा दबका आवाज आला.

"तिच्यापाशी विषय काढायचा कसा? मला तर तोंड दाखवायला जागा नाही."

"गप्प राहा अपा," तुरसुनाय म्हणाली. "आधी नीट कळू दे. पोराला मी बघते."

पोराला मी बघते. बुरुलने कढईतून बोरसोक काढले ते अर्धे जळालेले होते.

"ऐकलंस ना?" एर्मेक म्हणाला.

तो तिथे होता हे तिला माहीतही नव्हतं.

५

त्या सकाळी गावची वीज गेलेली होती. आदल्या दिवशीपासूनच नव्हती. बर्फ वितळून ओढ्याला पाणी आलेलं, कुठेतरी खांब वाकला असणार. बुरुल बाहेरच्या खोलीत झाडत होती आणि एर्मेक बोलत होता, हळूहळू, समजुतीच्या सुरात. की एकदाच म्हण, माझा मुलगा. मोठ्याने म्हण. तुझं तूच म्हटलं नाहीस तर कोण म्हणणार?

बोलता बोलता ती कट्ट्यापाशी आली. फोनवर धूळ होती, ती बाहीने पुसायला गेली. पडदा काळा. तिने बटण दाबलं. काळाच. दाबून धरलं. रिकाम्या बॅटरीचं चित्र क्षणभर उमटलं आणि विझलं.

"काय झालं?" एर्मेक म्हणाला. "का थांबलीस?"

आत्ता संपली असेल बॅटरी, तिने मनाशी म्हटलं. आत्ता, या क्षणी. आणि हेडफोनमध्ये स्वतःची बॅटरी असते, त्यात थोडं बोलणं साठून राहत असेल, नळ बंद केल्यावर पाइपात पाणी राहतं तसं. पण त्याने विचारलं, का थांबलीस. साठलेलं बोलणं असं विचारतं?

"काही नाही," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "एर्मेक, एक सांग. लग्नानंतर दोलोनच्या घाटात आपली गाडी अडकली होती बघ. तेव्हा त्या ट्रकवाल्याने आपल्याला काय खायला दिलं होतं?"

कानात नुसता तो श्वास.

"तूच सांग ना," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

हे त्याचं नेहमीचं. किती गोड वाटायचं तिला ते! तूच सांग. तुझ्या तोंडून. आता तिने मागचं सगळं आठवून पाहिलं. पोराचा दात, पोराच्या झोपेची वेळ, दाराची कडी, अपा दुपारी डोळा मिटतात ते. यातलं एकही त्याने सांगितलं नव्हतं. सगळं तिने सांगितलं होतं.

तिने हेडफोन काढून दुलईवर ठेवले. खोली एकदम उघडी पडल्यासारखी झाली. बाहेर ओढा वाहत होता. आपण येड्या आहोत, तिला वाटलं. झोप नाही, म्हणून हे. नवऱ्यावर संशय, सासूवर संशय, शेजारणीवर संशय. आता काय यंत्रावर? लोकं हसतील.

आणि खरं सांगायचं, तर त्या शांततेत तिला करमेना. मुलगा म्हणणारं एकच माणूस होतं जगात, ते तिथे दुलईवर पडलं होतं. आतल्या खोलीत पोर जागं होऊन कुरकुरलं. तिने हेडफोन पुन्हा कानांवर चढवले आणि आत गेली.

६

आत तुरसुनाय होती. मागच्या दाराने आली होती आणि पोराला पाळण्यात बांधलेले पट्टे सोडत होती.

"चल रे माझ्या पिल्ला," ती म्हणत होती. "चल आपल्या घरी. या घरात काय धरलंय?" रोजचंच बोलणं. पण आज त्यात हसू नव्हतं, आणि ती बुरुलकडे बघायचं टाळत होती.

"कुठे नेताय?" बुरुलने विचारलं.

"नेते दोन दिवस माझ्याकडे. अपांनीच सांगितलंय. तुझं हल्ली लक्ष कुठे असतं पोरी? दिवसभर कानात ते घालून कुणाशी तरी गुलूगुलू. पोर रडून रडून निळं होतं, कळतं तरी का तुला?"

"नेतेय ती," कानात एर्मेक म्हणाला.

"एजे, ठेवा त्याला."

"अगं, माझं पिल्लू आहे, मी नेईन नाहीतर..."

"आता म्हण," एर्मेक म्हणाला. "आता नाही म्हटलंस तर गेला."

इतके महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "तुमचा नाही!" बुरुल किंचाळली. "माझा आहे तो! मी जन्म दिलाय त्याला! माझा मुलगा आहे!"

तुरसुनायचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पोराला छातीशी दाबलं आणि मोकळ्या तळव्याने त्याचा कान झाकला. "काय बोललीस," ती पुटपुटली. "अगं सटवे, काय बोलून बसलीस!"

बुरुल धापा टाकत होती. तिला भीती वाटत नव्हती, लाज वाटत नव्हती. कित्येक महिन्यांनी छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटत होतं.

कानात कुणीच बोलत नव्हतं.

तेवढ्यात अपा दारात आल्या. त्यांच्या हातात तो बटणांचा जुना फोन होता, आणि ओठ घट्ट मिटलेले. "घे," त्या म्हणाल्या. "आणि तुझा जो कोण असेल तिकडे, त्याला सांग जरा थांबायला. तुझ्या नवऱ्याचा फोन आहे."

"नवराच बोलतोय माझ्याशी," बुरुल म्हणाली.

"हो का? मग हा कोण बोंबलतोय?"

बुरुलने एका कानावरचा हेडफोन मागे सारला आणि त्या कानाला फोन लावला. लोखंडी गाड्यांचा खडखडाट. कुणीतरी कुणालातरी शिव्या घालतंय.

"बुरुल? काय गं, आहेस कुठे? हेडफोन लावून दिले त्या दिवसापासून करतोय फोन, सारखा तुझा फोन व्यस्त! आई काय काय बोलतेय माझ्याशी, मी तिला म्हटलं, माझी बायको तसली नाही. कुणाशी बोलतेस एवढं?"

दुसऱ्या कानात, गादीच्या आत, कुणीतरी अगदी जवळून श्वास घेत होतं.

"बोल ना," एर्मेक म्हणाला. "घाबरवू नकोस. शेजारणीचं पिल्लू बरंय ना?"

७

तिने हेडफोन ओरबाडून काढले आणि दुलईवर फेकले. फोन हातातून सुटून कुठेतरी पडला; त्यातून एर्मेकचं हॅलो हॅलो बारीक ऐकू येत राहिलं, मग तेही थांबलं.

तिघी बायका त्या काळ्या वस्तूकडे बघत उभ्या होत्या. निळा दिवा संथ लुकलुकत होता. पोर तुरसुनायच्या हातात आडवंतिडवं होऊन रडत होतं, गाल लाल झालेले.

"द्या इकडे," बुरुल म्हणाली आणि हात पुढे केले.

तेव्हा दुलईवरून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. या वेळी तो एर्मेकचा नव्हता. बाईचा होता, आणि ती बाई म्हणत होती, "माझा आहे तो. मी जन्म दिलाय त्याला."

तुरसुनायने एकदा बुरुलच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, एकदा दुलईकडे. आवाज बुरुलचाच होता. तिची धाप, तिचा चिरकलेला शेवट, सगळं तिचं. मग तोच आवाज निवला, मऊ झाला, आणि त्याने पोराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. ते नाव या घरात कुणी कधी मोठ्याने घेतलं नव्हतं.

पोराचं रडणं थांबलं.

"नाही!" बुरुल ओरडली. "माझा नाही! ऐकतेयस? माझा नाही तो, तुरसुनायचा आहे! मी नाही दिला जन्म, विकत दिलंय त्याला! कुत्र्याचं पिल्लू आहे, कुणाचं कोण!" ती रडत होती, छाती पिटत होती, आणि जितक्या मोठ्याने नाकारता येईल तितक्या मोठ्याने आपल्या लेकराला नाकारत होती. "माझा कुणी नाही तो!"

पोराने तिच्याकडे पाहिलं. भुवया वर करून, ओठ काढून, रस्त्यात ओरडणाऱ्या कुणा अनोळखी बाईकडे बघावं तसं. तिने पुढे होऊन त्याच्या गालाला हात लावला, तर त्याने तोंड फिरवलं.

"ये रे राजा," दुलईवरचा आवाज म्हणाला. "आई इथे आहे."

पोर खुदकन हसलं आणि उचलून घे म्हणून त्याने दोन्ही हात दुलईकडे पसरले.